पीसीबीचा दोष कुठे लपतो: बोर्डांचे प्रकार आणि त्यांची तपासणी

बंद पडलेला एलईडी बल्ब उघडला की आत पांढरी गोल चकती दिसते आणि तिच्यावर पिवळसर एलईडी बसवलेले असतात. चकती उलटी केली की मागे ॲल्युमिनियम. टीव्हीच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा तपकिरी रंगाचा, कागद आणि रेझिनपासून बनवलेला स्वस्त बोर्ड असतो. मोबाइलमधला बोर्ड जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, पण तेवढ्या जाडीत तांब्याचे दहा-बारा थर असू शकतात. तिन्ही पीसीबीच, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, पण तिघांचं बिघडणं वेगळं. रिमोटच्या बोर्डाला गेलेला तडा भिंगातून दिसेल. बल्बच्या चकतीतला धोका तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यामधल्या अतिशय पातळ थरात असतो. मोबाइलच्या बोर्डातला दोष तर बोर्ड कापल्याशिवाय कदाचित दिसणारही नाही.

म्हणूनच ‘बोर्डांचे प्रकार’ एका धड्यात आणि ‘तपासणी’ दुसऱ्या धड्यात शिकवणं मला पटत नाही. बोर्ड कसा बनतो हे समजलं की तो कुठे दगा देईल हे कळतं, आणि ते कळलं की कोणती तपासणी लागेल तेही उमगतं. हा लेख त्याच क्रमाने जातो.

तांबं आणि त्याखालचा पाया

बोर्डाचं मूळ सोपं आहे. वीज न वाहणारा एक पाया, त्यावर चिकटवलेला तांब्याचा पातळ पत्रा. जिथे ट्रॅक, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, हवेत तिथलं तांबं झाकायचं, उरलेलं रसायनाने खाऊन टाकायचं. यालाच एचिंग म्हणतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉपर क्लॅड (तांबं चिकटवलेला कोरा बोर्ड) आणि ते खाणारं फेरिक क्लोराइड आणलं असेल, त्यांच्या बोटांवर ते पिवळे डाग पडलेले असणार. कारखान्यात रसायनं वेगळी असतात, पण कल्पना तीच. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किट वापरून रेडिओ बनवला होता. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरलं गेलं आणि युद्धानंतर हे तंत्र घरगुती रेडिओ-टीव्हीपर्यंत आलं.

दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. सर्वसाधारण बोर्डावरच्या तांब्याची जाडी साधारण ३५ मायक्रॉन असते. बाजारात याला ‘एक औंस कॉपर’ म्हणतात, कारण एक औंस तांबं एक चौरस फुटावर पसरलं की एवढी जाडी होते. आणि बोर्डाची नेहमीची जाडी असते १.६ मिलिमीटर.

पाया कशाचा, यावर बरंच काही ठरतं. कागद आणि फिनोलिक रेझिनचा बोर्ड स्वस्त पडतो, त्याला भोकं डायने ठोकून पाडता येतात, पण तो ओल शोषतो आणि वाकवला की तुटतो. काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी यांचा बोर्ड म्हणजे एफआर-४. आज बहुतेक गंभीर कामं त्याच्यावर होतात. नावातलं ‘एफआर’ त्याच्या सहज पेट न घेण्याच्या गुणाबद्दल आहे.

एका बाजूचा बोर्ड: दोष उघड्यावर

सिंगल साइड बोर्डात तांबं एकाच बाजूला. पार्ट वरून घालायचे, खालून सोल्डर करायचे. रिमोट, स्वस्त चार्जर, फॅनचे रेग्युलेटर, जुने ट्रान्झिस्टर रेडिओ ही त्याची घरं. भोकाच्या आत तांबं नसतं, त्यामुळे पार्टचा पाय फक्त खालच्या पॅडवरच्या (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीवरच्या) सोल्डरने धरलेला असतो. छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा रिले असा वजनदार पार्ट असेल, तर रोजच्या गरम-गार होण्याने आणि धक्क्यांनी त्या सोल्डरमध्ये पायाभोवती गोल चीर पडते. दुरुस्ती करणारे याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात आणि जुना बोर्ड हातात आला की आधी जड पार्टचे पाय बघतात. ही सवय अगदी योग्य आहे.

इथे तपासणी म्हणजे चांगला उजेड, भिंग आणि मल्टिमीटरची बीप. पॅड उचकटलेलं आहे का, ट्रॅकला चीर आहे का, भोक पॅडच्या मध्यावर आहे का. दोष लपायला जागाच नाही, म्हणून एवढं पुरतं.

भोकाच्या आतली भिंत

बोर्डाला दुसरी बाजू मिळाली की चित्र बदलतं. डबल साइड बोर्डात वरचं तांबं खालच्याशी जोडायचं, तर भोकाच्या आतल्या भिंतीवर तांबं चढवावं लागतं. आधी ड्रिल, मग भोकात वितळून चिकटलेलं रेझिन साफ करायचं, मग रासायनिक पद्धतीने तांब्याचा अगदी पातळ थर, कारण काच-इपॉक्सीवर थेट वीज वाहत नाही, आणि त्या थराच्या आधाराने विजेच्या साहाय्याने खरं प्लेटिंग, म्हणजे तांब्याचा मुलामा. या भिंतीची जाडी किती हवी? छापील बोर्डांच्या जगात आयपीसी या संस्थेची मानकं चालतात. त्यांनुसार नेहमीच्या औद्योगिक वर्गाला सरासरी २० मायक्रॉन आणि सर्वांत कडक वर्गाला २५ मायक्रॉन लागतं. सगळा बोर्ड या नळीवर उभा असतो, आणि ती बाहेरून दिसत नाही.

ती का तुटते, हे समजून घेण्यासारखं आहे. एफआर-४ मध्ये काचेचं कापड आडवं पसरलेलं असतं, त्यामुळे लांबी-रुंदीत बोर्ड तापल्यावर फारसा फुगत नाही, साधारण तांब्याइतकाच. जाडीच्या दिशेने मात्र त्याला अडवणारं काही नसतं. तिथे तो तांब्याच्या तिप्पट-चौपट फुगतो, आणि एका ठराविक तापमानाच्या वर गेला की आणखी कितीतरी जास्त. हे तापमान साध्या एफआर-४ ला १३० ते १४० अंश सेल्सिअस असतं, चांगल्या प्रतीच्या मालाला १७० च्या आसपास. शिसं नसलेलं सोल्डर वितळतं २१७ अंशांच्या पुढे. म्हणजे प्रत्येक सोल्डरिंगच्या वेळी बोर्ड ती मर्यादा ओलांडतो आणि भोकातली तांब्याची नळी वर-खाली ताणली जाते. नळी पातळ असेल, प्लेटिंग ठिसूळ असेल, तर ती मध्यावर चिरते. मध्यावर का? कारण खोल आणि अरुंद भोकात प्लेटिंगचं द्रावण आतपर्यंत नीट फिरत नाही, त्यामुळे तोंडाशी तांबं जाड आणि मध्ये पातळ बसतं. १.६ मिलिमीटरच्या बोर्डात ०.२ मिलिमीटरचं भोक म्हणजे रुंदीच्या आठपट खोली. जितकं प्रमाण वाढेल तितकं प्लेटिंग कठीण.

मल्टिमीटरने इथे काहीच कळत नाही. ५ मायक्रॉनची नळीसुद्धा बीप देते. म्हणून बोर्ड कापावा लागतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी तपासणी हीच, मायक्रोसेक्शन. ग्राहकाचा बोर्ड कापायचा नसतो. मोठ्या पॅनेलच्या कडेला त्याच प्रकारची भोकं असलेला एक छोटा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला कूपन म्हणतात. तो त्याच टाकीत, त्याच वेळी प्लेट झालेला असतो. कूपन २८८ अंशांच्या वितळलेल्या सोल्डरवर १० सेकंद तरंगत ठेवायचं, म्हणजे पुढे जे हाल होणार आहेत ते आधीच करून बघायचे. मग ते पारदर्शक रेझिनमध्ये बसवायचं, पॉलिश पेपरवर घासत घासत भोकाच्या बरोबर मध्यापर्यंत यायचं, आरशासारखी चकाकी आणायची आणि मायक्रोस्कोपखाली भिंतीची जाडी मोजायची.

‘बरोबर मध्यापर्यंत’ या शब्दांना फार वजन आहे. घासणं मध्याच्या अलीकडे थांबलं किंवा पलीकडे गेलं, तर नळी तिरकी कापली जाते आणि तांबं प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतं. म्हणजे हलगर्जीने केलेली तपासणी खराब बोर्डाला चांगलं ठरवते. शिवाय पॉलिश केल्यावर तांबं मऊ असल्याने पसरतं आणि बारीक भेगा बुजवून टाकतं. म्हणून शेवटी हलकं एचिंग करतात, तेव्हा कुठे मूळ पत्रा आणि वरचं प्लेटिंग यांच्यातली रेषा आणि असलीच तर चीर दिसते. हे काम मशिनच्या मागे धावून होत नाही, हाताला वळण लागतं. मायक्रोसेक्शनचा रिपोर्ट मागा, पण त्याबरोबर फोटोही मागा. नुसत्या आकड्यांच्या तक्त्यावर माझा विश्वास बसत नाही.

थर वाढले की तपासणीची वेळ बदलते

मल्टिलेअर बोर्डात चार, सहा, आठ, कधी वीसहून जास्त थर असतात. आतले थर पातळ पट्ट्यांवर वेगळे एच करायचे, त्यांच्यामध्ये अर्धवट पिकवलेल्या रेझिनचं काचेचं कापड घालायचं (कारखान्यात त्याला प्रीप्रेग म्हणतात) आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबून सगळ्याचा एक बोर्ड करायचा. एकदा प्रेस बंद झाला की आतल्या थरापर्यंत परत जाता येत नाही. बांधकामात नळाच्या पाइपला प्रेशर लावून गळती बघतात ती प्लास्टर करण्याआधी; इथेही अगदी तसंच आहे. प्रत्येक आतला थर प्रेसला जाण्याआधी तपासला गेलाच पाहिजे.

का, ते साध्या हिशेबात दिसतं. समजा आठ थर आहेत आणि प्रत्येक थर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा निर्दोष निघतो. आकडा चांगला वाटतो. पण आठही थर एकाच वेळी निर्दोष असण्याची शक्यता ०.९८ चा आठवा घात, म्हणजे साधारण ८५ टक्के. न तपासता दाबले तर शंभरातले पंधरा बोर्ड भंगारात, तेही ड्रिल, प्लेटिंग, मास्क (ट्रॅक झाकणारा हिरवा थर) असा सगळा खर्च झाल्यावर.

हे काम करतं एओआय, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप बघणारं मशीन. ते थराचा फोटो घेतं आणि डिझायनरच्या फाइलशी ताडून पाहतं. कुठे तांबं कमी, कुठे जास्त, कुठे दोन ट्रॅक जुळलेले. याच्याही पुढे थर एकावर एक नीट बसले की नाही हे पाहायला क्ष-किरण लागतात. आतल्या थरांवर खुणेची पॅड असतात. प्रेसमध्ये उष्णतेने थर थोडे आक्रसतात, सरकतात. क्ष-किरणांत त्या खुणा बघून ड्रिलची जागा ठरवतात. सरकणं जास्त झालं तर भोक पॅडच्या कडेबाहेर जातं.

तयार बोर्डाची विद्युत चाचणी सगळ्यांनाच ठाऊक असते. जिथे जोड हवा तिथे आहे का आणि जिथे नको तिथे नाही ना, एवढे दोनच प्रश्न. मोठ्या ऑर्डरसाठी शेकडो स्प्रिंगच्या पिना असलेलं फिक्स्चर बनवतात. काही सेकंदांत बोर्ड तपासून होतो, पण फिक्स्चर त्या एकाच डिझाइनला चालतं आणि त्याचा खर्च असतो. नमुन्याच्या पाच-दहा बोर्डांसाठी फ्लाइंग प्रोब बरं पडतं. त्यात काही मोजक्या सुया बोर्डावर भराभर फिरून एकेक जोड तपासतात. वेळ लागतो, फिक्स्चर लागत नाही.

नवखे इंजिनिअर विचारतात, विद्युत चाचणी केलीच आहे तर एओआयचा खर्च कशाला? याचं उत्तर आकड्यांत बघा. १० सेंटिमीटर लांब, ०.२ मिलिमीटर रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड ट्रॅकचा रोध साधारण पाव ओहम भरतो. आता त्यात एके ठिकाणी एक मिलिमीटर लांबीपर्यंत ट्रॅक खाल्ला गेला आणि रुंदी पाव उरली. रोध किती वाढला? सुमारे सात मिलिओहम. पाव ओहमात ही वाढ साध्या चाचणीला दिसतच नाही, ‘जोड आहे’ असं ती सांगते. पण त्या बारीक मानेतून करंट वाहायला लागला की ती तापते, आणि धक्क्याने तुटणारी पहिली जागा तीच. कॅमेऱ्याला मात्र ती लगेच दिसते. उलट, नळीतली चीर कॅमेऱ्याला दिसत नाही आणि पूर्ण तुटली असेल तर विद्युत चाचणीला कळते. दोन्ही तपासण्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

मोबाइलच्या बोर्डांत आणखी एक पायरी आहे. एचडीआय म्हणतात त्या बोर्डांत लेझरने पाडलेली, साधारण ०.१ मिलिमीटरची भोकं एका थरातून लगतच्या थरापर्यंतच जातात. जागा वाचवायला ती एकावर एक रचतात. इथला दोष फार फसवा असतो. भोकाच्या तळाशी, जिथे नवं तांबं खालच्या पॅडला चिकटतं, तिथला सांधा सोल्डरिंगच्या तापात सुटतो आणि बोर्ड गार झाला की पुन्हा टेकतो. खोलीच्या तापमानाला मीटर लावा, सगळं ठीक. रचलेल्या भोकांच्या या कमकुवतपणाबद्दल आयपीसीने २०१९ मध्ये उद्योगाला उघड इशारा दिला होता. म्हणून आता कूपन सोल्डरिंगच्या ओव्हनसारख्या तापातून सहा वेळा नेतात आणि तापलेलं असतानाच त्याचा रोध सतत मोजत राहतात. गार झाल्यावर मोजण्यात अर्थ नाही, कारण दोष त्या वेळी हजरच नसतो.

वाकणारे, धातूचे आणि रेडिओ लहरींचे

फ्लेक्स बोर्ड तुम्ही लॅपटॉपच्या बिजागरीत किंवा प्रिंटरच्या हेडला जोडलेल्या तांबूस-पिवळ्या पट्टीच्या रूपात पाहिला असेल. पाया पॉलिइमाइडचा. त्याचा शत्रू एकच, वाकण्याच्या जागी तांब्याला पडणारी चीर. सतत हलणाऱ्या पट्टीसाठी लाटून केलेलं तांबं वापरतात, कारण प्लेटिंगने बनलेल्या तांब्यापेक्षा ते वाकणं जास्त सोसतं. तपासणी म्हणजे ठरलेल्या त्रिज्येत हजारो वेळा वाकवून बघणं, आणि वरच्या आवरणाखाली हवेचे फुगे नाहीत ना ते पाहणं. पॉलिइमाइड ओल शोषतं, त्यामुळे सोल्डरिंगआधी ओव्हनमध्ये वाळवलं नाही तर आतलं पाणी वाफ होऊन थर सोडवतं. कडक आणि वाकणारा असे दोन्ही भाग असलेला रिजिड-फ्लेक्स बोर्ड यात सगळ्यांत नाजूक. कडक भाग संपतो ती रेषा भिंगाखाली नक्की बघावी.

एलईडी बल्बातली ॲल्युमिनियमची चकती हा धातूच्या पायाचा बोर्ड. ॲल्युमिनियम, त्यावर साधारण १०० मायक्रॉनचा वीजरोधक थर, त्यावर तांबं. हा थर उष्णता जाऊ देतो आणि वीज अडवतो. दोन्ही कामं एकाच वेळी करायची म्हणून तो पातळही हवा आणि अखंडही हवा. ॲल्युमिनियमची कड पंच करताना राहिलेला काटा, थरातला हवेचा बुडबुडा, एवढंसं कारण पुरतं. म्हणून या बोर्डांची खरी तपासणी म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये मोठा व्होल्टेज लावून थर टिकतो का ते पाहणं.

बल्ब दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आता गावोगावी आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. स्वस्त बल्बांत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, बहुधा घरच्या लाइनपासून वेगळा केलेला नसतो. म्हणजे चकतीवरच्या एलईडीचे ट्रॅक थेट २३० व्होल्टच्या लाइनशी जोडलेले असतात आणि तुमच्या बोटाच्या व त्यांच्या मध्ये फक्त तो १०० मायक्रॉनचा थर असतो. एलईडी काढताना हॉट प्लेटवर चकती जास्त तापली की तो थर करपतो. दुरुस्तीनंतर बल्ब पेटला म्हणून काम झालं असं समजू नका. वीज काढून, चकतीचं ॲल्युमिनियम आणि बल्बच्या कॅपचे संपर्क यांच्यामधलं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) बघा, आणि प्लास्टिकचं झाकण न बसवता बल्ब कोणाच्या हातात देऊ नका.

मोबाइल टॉवर, रडार, अँटेना यांच्या बोर्डांत पाया टेफ्लॉनच्या जातीचा किंवा खास रेझिनचा असतो, कारण तिथे ट्रॅक म्हणजे नुसती तार उरत नाही. त्याची रुंदी, खालचा थर किती जाड, तो कशाचा, यावर सिग्नल सरळ जाईल की मागे उसळेल हे ठरतं. तिथे कूपनवर अतिशय वेगवान पल्स पाठवून परत येणारा भाग मोजतात आणि डिझाइनमध्ये ठरवलेल्या ५० ओहमच्या जागी खरंच ५० च्या आसपास भरतात का ते बघतात.

पार्ट बसल्यावर

रिकामा बोर्ड पास झाला की निम्मंच काम झालेलं असतं. जाळीदार स्टेन्सिलमधून सोल्डर पेस्ट छापली जाते, मशीन पार्ट ठेवतं, ओव्हनमध्ये पेस्ट वितळते. पहिली तपासणी पेस्ट छापल्या छापल्या करतात, पार्ट ठेवण्याआधी. प्रत्येक पॅडवर पेस्टची उंची आणि आकारमान मोजलं जातं. इथे चूक सापडली तर बोर्ड पुसून पुन्हा छापता येतो. ओव्हननंतर तीच चूक सोल्डरिंग गन घेऊन सुधारावी लागते. कोणत्या तपासणीवर पैसे घालावेत असं छोट्या कारखानदाराने विचारलं, तर मी सगळ्यांत आधी हिचं नाव घेईन.

ओव्हननंतर पुन्हा एओआय. पार्ट उलटा, एका टोकावर उभा राहिलेला, दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल, सोल्डर कमी. मशीन शंका आली की थांबतं आणि माणसाला विचारतं. आपल्याकडच्या अनेक असेंब्ली कारखान्यांत मायक्रोस्कोपच्या त्या बाकावर महिला बसतात, आणि तासन्‌तास नजर न हलवता निर्णय देतात. मशीन सेट करताना मर्यादा फार कडक ठेवल्या तर खोट्या शंकांचा ढीग पडतो, आणि शंभर खोट्या शंकांनंतर येणारी खरी शंकाही ‘ओके’ दाबून पुढे जाण्याची भीती असते. तो दोष बाकावरच्या बाईंचा नसतो, सेटिंग करणाऱ्याचा असतो. त्यांच्या विश्रांतीची वेळ आणि उजेडाची सोय हासुद्धा तपासणीचाच भाग आहे.

बीजीए जातीच्या चिपला पायच नसतात, पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असतात. तिथे कॅमेरा निरुपयोगी, क्ष-किरण हवेत. वरून घेतलेल्या चित्रात जुळलेल्या गोळ्या आणि आतल्या पोकळ्या दिसतात; पण गोळी पेस्टवर नुसती टेकलेली आहे, एकजीव झालेली नाही, हे तिरक्या कोनातून घेतलेल्या चित्रांतच नीट कळतं.

सोल्डरचा एक सांधा किती महत्त्वाचा, याची नोंद विमान अपघातांच्या अहवालात आहे. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं क्यूझेड ८५०१ हे विमान जावा समुद्रात कोसळलं, १६२ जणांचा जीव गेला. इंडोनेशियाच्या तपास समितीला रडरच्या (विमानाच्या शेपटीवरच्या सुकाणूच्या) हालचालीवर मर्यादा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोल्डरला तडा सापडला. वारंवार तापून-थंडावून पडलेला. त्या यंत्रणेची तक्रार आधीच्या वर्षभरात २३ वेळा नोंदली गेली होती. अपघात एकट्या तड्यामुळे झाला नाही. इशारे वारंवार वाजल्यावर उड्डाणात सर्किट ब्रेकर काढले गेले, ऑटोपायलट सुटला आणि पुढे विमानावरचा ताबा गेला. पण साखळीची पहिली कडी तो सांधा होता. वारंवार येणारी आणि रीसेट केल्यावर जाणारी तक्रार दिसली की बोर्ड काढून भिंगाखाली घेतला पाहिजे. ‘रीसेट केल्यावर चालतोय’ हा शेरा मारून परत पाठवू नये.

कोकणात किंवा मुंबईत चालणाऱ्या यंत्रांसाठी आणखी एक तपासणी मी आग्रहाने सुचवेन, स्वच्छतेची. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेलं रसायन) आणि बोटांचा घाम यांतले क्षार कोरड्या हवेत गप्प असतात. पावसाळ्यात ओल धरली की दोन ट्रॅकमधून गळती करंट वाहतो, तांबं हिरवं पडतं. बोर्ड धुऊन त्या द्रावणाची विद्युतवाहकता मोजली की क्षार किती उरले ते कळतं. मग वरून लॅकरचा थर द्यायचा. या लॅकरमध्ये बहुतेक वेळा अतिनील उजेडात चमकणारा रंग असतो. काळोखात तो दिवा धरला की कुठे लॅकर लागलंच नाही ते काळं दिसतं. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये मुंग्या आणि पाली शिरून बोर्ड शॉर्ट होतात, तिथेही या थराचा उपयोग होतो.

पास कोणाच्या मापाने?

‘बोर्ड पास आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. आयपीसीच्या मानकांत तीन वर्ग आहेत. पहिला साध्या वस्तूंचा, दुसरा दीर्घकाळ चालायला हव्या अशा उपकरणांचा, तिसरा जिथे बंद पडणं चालणारच नाही त्यांचा, उदाहरणार्थ शरीरात बसवलेलं उपकरण किंवा विमान. भोक पॅडच्या मध्यावरून सरकून त्याची कड एका चतुर्थांश परिघापर्यंत बाहेर गेली, तरी दुसऱ्या वर्गात ते चालू शकतं. तिसऱ्या वर्गात अजिबात नाही. तिथे बाहेरच्या थरावर भोकाभोवती निदान ५० मायक्रॉन तांबं सगळीकडून उरलं पाहिजे. ऑर्डर देताना वर्ग लिहिला नाही, तर पुढे वाद घालायला काही आधार राहत नाही. वर्ग लिहा, तांब्याची जाडी लिहा, एफआर-४ जास्त फुगू लागतो ते वर सांगितलेलं तापमान लिहा, विद्युत चाचणी शंभर टक्के हवी की नमुन्यापुरती ते लिहा.

आणि बोर्ड हातात आल्यावर घरच्या टेबलावर, फार साधनांशिवाय, एवढं करता येतं. सपाट काचेवर ठेवून कोपरा उचललेला आहे का बघा. पृष्ठभागावर पार्ट बसवायचे असतील तर वाक लांबीच्या ०.७५ टक्क्याच्या आत हवा, म्हणजे २० सेंटिमीटरच्या बोर्डाला दीड मिलिमीटर. उजेडासमोर धरून भोकं पॅडच्या मध्यावर आहेत का ते पाहा. हिरवा मास्क पॅडवर चढलेला नाही ना, बारीक पायांच्या मधल्या मास्कच्या पट्ट्या शाबूत आहेत ना, ते भिंगाने बघा. एका कूपनावर सोल्डर लावून ते पॅडवर सहज पसरतं का बघा. गोळा होऊन बसलं तर पॅडवरचं फिनिशिंग, म्हणजे तांबं झाकणारा थर, जुनं झालंय. शेवटी, एकही पार्ट लावण्याआधी, सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये मीटर लावा. रिकाम्या बोर्डावर तिथे बीप वाजली तर दोष बोर्डातच आहे आणि तो पुरवठादाराला परत पाठवता येतो. पार्ट लावल्यानंतर वाजली, तर तो बोर्डाचा की तुमच्या सोल्डरिंगचा हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होऊन बसतं.